हिरवळीतली कोरडी जागा

प्लंबर लावणं म्हणजे विकतचं दुखणं, असं शेखरचं ठाम मत होतं. अमरावतीच्या पॉलिटेक्निकात पोरांना पाण्याचा दाब शिकवणाऱ्या माणसाला घरच्या हिरवळीवर फवारे बसवता येत नसतील, तर त्याने शिकवावं तरी कशाला? म्हणून संक्रांतीच्या आधी रजा टाकून त्याने वरुडच्या घरापुढे स्वतःच चर खणले, पाइप कापले, सांधे चिकटवले, फवाऱ्यांच्या आट्यांवर टेप गुंडाळली. त्याची बायको मंजुषा ओट्यावरून सूचना देत होती. त्याने एकही ऐकली नाही.

हा सगळा खटाटोप बाबांसाठी होता. बाबांची, म्हणजे उत्तमरावांची, संत्र्याची बाग याच जागेवर होती. झाडं डिंकाच्या रोगाने वाळायला लागली, तेव्हा शेखरने ती तोडून बंगला बांधला. तेव्हापासून बाबा आतल्या खोलीतून बाहेर येईनात. जेवण दोन घास, बोलणं त्याहून कमी. माणूस डोळ्यांदेखत झिजत चालला होता आणि शेखरला त्याची भीती वाटत होती. दारापुढे हिरवं दिसलं तर ते बाहेर येतील, एवढ्या एका आशेवर तो चिखलात गुडघे टेकून राबत होता.

पाणी सोडायच्या आदल्या संध्याकाळी बाबा खिडकीतून म्हणाले, "आत्ता पानी नको देऊ. झाडं तानावर हायेत."

वरुडात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. थंडीत बागेचं पाणी तोडायचं, झाडाला तहानेलं ठेवायचं. मग पाणी दिलं की ते फुलावर येतं. हाच ताण. वेळेआधी तो तोडला तर बागायतदार पोटच्या पोरालाही शिव्या घालतो. पण इथे झाडंच नव्हती. शेखर बरं म्हणाला आणि सकाळी त्याने कॉक उघडला.

फवारा टकटक करत फिरू लागला. कुंपणाच्या भिंतीकडे वळताना धार मधेच अडली. तिथे काहीच नव्हतं. थेंब हवेत फुटले आणि खाली ओघळले; मागे गवताची एक पट्टी कोरडी राहिली. फवारा पुढे सरकताच धार पुन्हा नीट पडू लागली. शेखरने नोझल काढून फुंकलं, दाब तपासला, वारा पाहिला. वारा नव्हता.

दुसऱ्या दिवशी अशा आणखी जागा दिसल्या, सरळ ओळीत. त्यांच्यामधलं अंतर त्याला मोजावं लागलं नाही. लहानपणी याच ओळींमधून तो पळत असे.

मंजुषा बराच वेळ कान देऊन उभी होती.

"हा गवतावरचा आवाज नाई," ती हळूच म्हणाली. "झाडाच्या पानायवरचा हाय."

त्याने पाणी बंद केलं. पण ताण तुटला होता.

संक्रांत झाली आणि घरात वास शिरला. संत्र्याच्या फुलांचा, गोड, घशाशी रेंगाळणारा. आसपासच्या बागांमध्ये अजून एकही कळी नव्हती.

त्या सकाळी बाबा बाहेर आले. धुतलेलं धोतर, हातात काठी नाही. गवतातून चालत ते भिंतीपाशी गेले आणि वर बघत उभे राहिले. किती दिवसांनी त्यांचा चेहरा असा उजळला होता! शेखरला भरून आलं.

"बहार आला," बाबा म्हणाले. "सोड पानी."

"बाबा, भिजसान तुमी."

"मी कायले भिजतो?" बाबा हसले.

शेखरने कॉक उघडला.

धार फिरत आली. रिकाम्या हवेत अडली, ओघळली. पुढे सरकली, पुन्हा अडली.

मग बाबांवर आली.

बाबा हसतच उभे होते. धोतर कोरडं होतं. त्यांच्या मागची भिंत मात्र, जिथे त्यांच्याएवढी कोरडी जागा राहायला हवी होती तिथेही, सगळी भिजली.