जोडीदाराची गाठ

"या बुटांत माझ्याआधी कुणीतरी समाधी लावलीय," कपाटापलीकडून आवाज आला. "माझा अंगठा तर पार दुमडून बसलाय बिचारा…"

आमच्या छात्रदलाची साहित्यखोली म्हणजे दोन लोखंडी कपाटं, त्यांच्यामधली बोळ आणि पॉलिशचा वास. पलीकडे तो बूट घालून बघत होता, अलीकडे मी वही घेऊन. मधे गणवेशांची चळत.

"कुरकुर इथपर्यंत ऐकू येते," मी म्हटलं.

"ऐकू यावी म्हणूनच करतोय."

चळतीवरून एक मान वर आली… आणि येतच राहिली. दुसऱ्या कॉलेजातून आलेला हा मुलगा. आठवड्याभरात त्याला 'जिराफ' नाव पडलं, ते काही उगाच नाही.

"नंबर?"

"अकरा."

"दहाच्या पुढे आमच्याकडे नाहीत. पाय जरा आवरते घ्या."

"घेतो. पण तुम्ही बसूनच बोलणार का? जरा उभं राहून शोधा ना."

"उभीच आहे मी."

तो कानापर्यंत लाल झाला. मी वहीत डोकं खुपसलं, कारण हसू आवरेना… आणि लाल मीही झाले होते.

आता माझं एक गुपित सांगते. मला उंचीची भीती वाटायची. पंखा पुसायला स्टुलावर चढायचं तरी घाम फुटायचा. ती भीती मोडावी म्हणून दलात आले, आणि हळूच साहित्यखोलीचं काम मागून घेतलं, जमिनीवरचं काम! पण दलात मनोऱ्यावरून दोराने उतरणं कुणालाच चुकत नाही.

त्याला कारण आहे. आमचं दल सुरू झालं ते एका पुरात. मदत पोचेपर्यंत कॉलेजच्या मुलामुलींनीच नदीवर दोर बांधले आणि माणसं काढली. त्यात एकाची गाठ सुटली. ती त्याने स्वतः बांधली होती आणि स्वतःच तपासली होती. तो परत आला नाही. तेव्हापासून नियम झाला: आपली गाठ आपण तपासायची नाही. जोडीदाराने ती हातात धरायची, ओढायची, शेवटचं टोक आत ओवलंय का बघायचं, आणि मोठ्याने म्हणायचं, "पाहिलं!" ते ऐकूनच उस्ताद खाली सोडणार.

उस्ताद म्हणजे आमचे शिक्षक, जुने फौजी. निवृत्तीला काही महिनेच उरलेले. म्हणायचे, "कवायत विसरलात तरी चालेल, पोरांनो. दल म्हणजे दुसऱ्याचा जीव आपल्या हातात आहे, हे ध्यानात ठेवणं. बाकी सगळा बँडबाजा."

चिठ्ठ्या टाकून जोड्या लागल्या. मला जिराफ मिळाला. सगळे खो-खो हसले.

तीन महिने आम्ही बरोबर सराव केला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. एकदा तो पँट लांब करून घ्यायला घरी आला. माझी आई शिवणकाम करते. तिने सगळी दुमड उसवली, तरी घोटे उघडेच.

"तुझ्या आईने तुला उन्हात ठेवलं होतं की पाण्यात?" आई म्हणाली.

"दोन्हीत, काकू. आलटून पालटून."

आई दोन दिवस हसत होती. मग तिसऱ्या दिवशी टाके घालता घालता म्हणाली, "मुलगा बरा आहे गं." मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

मनोऱ्याच्या शिडीवर माझे गुडघे कापायचे. तो वरच्या पायरीवरून म्हणायचा, "भीती वाटली की खाली बघायचं नाही. माझ्याकडे बघायचं."

"तुझ्याकडे बघून मान मोडेल माझी."

"मोडू दे. भीती तर जाईल!"

जायची खरंच… नि दुसरीच कसलीतरी यायची. तिचं नाव घ्यायची हिंमत नव्हती.

त्या दिवशी सकाळी वर वारा होता. आधी त्याची पाळी. कमरेची गाठ बरोबर बेंबीवर येते, आणि ती बघायची तर वीतभर अंतरावर उभं राहावं लागतं. मागे रांगेतल्या मुलांना एकदम खोकल्याची साथ आली. माझे कान तापले. मान खाली घातली असती, तर कपाळ त्याच्या बटणाला टेकलं असतं.

"खाली पोचलो की तुला एक विचारायचंय," तो हळूच म्हणाला.

"आत्ता विचार."

"आत्ता नको… पाय लटपटताहेत."

"जिराफाचे? उंचीने?"

"उंचीने नाही गं…"

मी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या पापणीवर धुळीचा एक कण होता. तो मला अजून आठवतो.

"गाठ?" उस्तादांनी विचारलं.

"पाहिलं!" मी म्हटलं. खणखणीत.

तो निम्म्याहून खाली पोचला होता, तेव्हा दोर सैल झाला. तो ओरडलासुद्धा नाही. वाळूवर धप्प आवाज झाला, आणि वर माझ्या हातात वाऱ्याशिवाय काही नव्हतं.

एक पाय दोन ठिकाणी मोडला. दोन तास शुद्ध नव्हती. त्या दोन तासांत इस्पितळाच्या बाकावर बसून मी समोरच्या भिंतीवरच्या फरशा मोजल्या. एकशेबारा. दर वेळी दार वाजलं की पुन्हा पहिल्यापासून. तो शुद्धीवर आला, तेव्हा मला रडू यायला हवं होतं. पण मला नवीनच भीती वाटली. आता कुणीतरी मला विचारणार!

पण कुणी विचारलंच नाही.

"दोर जुना होता," मुलं म्हणाली. "गुळगुळीत झाला होता, गाठ सरकली." रांगेत उभं राहून सगळं बघणारी हीच मुलं, माझ्याशी बोलताना बुटांकडे बघायला लागली. आई म्हणाली, "जीव वाचला ना? मग आता उगाळू नकोस," आणि पानात नको तेवढं वाढलं. उस्तादांनी तर लिहूनच दिलं: "दोर माझ्या ताब्यात, चूक माझी."

दोर जुना नव्हता. नवाकोरा होता. साहित्यखोलीतून मीच काढून दिला होता, माझ्याच अक्षरात वहीत नोंद होती. रात्री डोळे मिटले की मला एकच दिसायचं… काहीच न दिसणं. ती गाठ कशी होती, हे मला आठवतच नव्हतं. आठवणार कुठून?

चौथ्या दिवशी कळलं की उस्तादांना काढून टाकणार आहेत. सत्तावीस वर्षांची नोकरी, आणि निरोप असा. उस्तादांनी चूक कबूल केल्यावर दलाच्या प्रमुख मॅडमना फक्त जिराफाचा जबाब घ्यायचा उरला होता. मी इस्पितळात पोचले, तेव्हा त्या खाटेशी कागद घेऊन बसल्या होत्या. उस्ताद खिडकीपाशी, पाठ ताठ. त्याचा पाय वर टांगलेला, प्लास्टरमधूनही खाटेबाहेर येणारा.

"ये ना," तो म्हणाला. चेहरा पांढरा, तरी हसला. "बघ, इथेही माझ्या नंबरचं काही मिळत नाही."

मला हसता आलं नाही.

"तर दोर घसरला," मॅडम म्हणाल्या. "आणि गाठ तपासलेली होती?"

"होती," तो झटकन म्हणाला.

"टोक आत ओवलं होतंस?"

त्याने चादरीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. मग म्हणाला, "ओवलंच असणार, मॅडम. तिने पाहिलं होतं ना."

म्हणजे त्याला ठाऊक होतं. पडता पडताच कळलं असणार. त्याला कळलं होतं, उस्तादांना कळलं होतं, मुलांना कळलं होतं, आणि आईलाही. सगळ्यांनी मिळून मला एका खोट्यात गुंडाळून ठेवलं होतं, मायेने. आणि त्या खोट्याची किंमत खिडकीपाशी ताठ उभी होती.

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. "मग माझं काम संपलं."

बोलले तर दल गेलं. बोलले तर त्याची आई पुन्हा माझं तोंड बघणार नाही. कदाचित तोही… गुडघे तसेच कापत होते, शिडीवर कापायचे तसे. आणि इथे तर सपाट फरशी होती.

"मॅडम," मी म्हटलं.

"घरी जा तू, बेटा," उस्ताद खिडकीबाहेर बघत म्हणाले.

"नको ना," तो पुटपुटला. "प्लीज… गप्प बस."

"दोर नवा होता, मॅडम. वहीत नोंद आहे. उस्तादांनी विचारलं, तेव्हा मी 'पाहिलं' म्हणाले, पण मी गाठ पाहिलीच नव्हती. हातसुद्धा लावला नाही." मग मी त्याच्याकडे वळले. "मी तुझ्याकडे बघत होते. तीन महिने मी तुझ्याकडेच बघतेय."