बेरजेतलं पद

"बेरजेतलं पद कापलंत?"

मी दचकले. बाकावर शेजारी बसलेला माणूस माझ्या मांडीवरच्या कागदाकडे बघत होता.

"गुणाकार असेल तरच कापायचं. असं करणाऱ्या पोरांना मी वर्गाबाहेर उभं करतो."

"मी बाहेरच आहे," मी म्हटलं.

तो हसला... आणि लगेच ओशाळला. काचेपलीकडे माझी बबडी ऑक्सिजनवर होती. दोन खाटा सोडून, पडद्याआड, त्याचा भाचा.

बबडीचे बाबा ती पोटात असतानाच गेले. महिनाअखेरीला शिक्षिकेच्या नोकरीची परीक्षा होती, म्हणून दवाखान्यातही त्रिकोणमिती. एक ओळ लिहायची, काचेतून तिची छाती हलताना बघायची, मग पुढची ओळ.

दुसऱ्या दिवशी त्याने कागदाचे दोन तुकडे केले.

"समीकरणाची डावी बाजू तुमची, उजवी माझी. डोकावायचं नाही. दोन्हीकडे एकच उत्तर आलं, की चहा."

"आणि नाही आलं तर?"

"तर चहा तुमच्याकडून."

मग रोजचंच झालं. नर्स ओरडायची, "अहो मामा, गणितं आवरा, डॉक्टर बोलावतायत!" तो आत जाताना पेन माझ्या हातात ठेवून जायचा. कोमट असायचं ते... आणि मी उगाचच घट्ट धरून बसायचे.

मग एका दुपारी मी घरून परतले, तर बबडीची ऑक्सिजनची नळी काढलेली. कधी एकदा त्याला सांगते, असं झालं. तो उशिरा आला, खाली मान घालून बसला आणि लिहू लागला.

"झाली माझी उजवी."

माझ्याकडे आलं होतं एक अधिक कॉस थीटा. त्याच्याकडे नुसताच कॉस थीटा. मी त्याचा कागद ओढला. वर एक वजा कॉस-वर्ग, खाली एक वजा कॉस. त्याने एकाला एक कापला होता, कॉस-वर्गाला कॉस. वजाबाकीतली पदं, सरळ कापलेली.

त्याने!

"सर... काय झालं?"

"जुळलं नाही?"

"एक कमी आहे."

"हो," तो म्हणाला. "सकाळीच गेला. ताईला घरी सोडून आलो."

बबडीची बातमी मी सांगितलीच नाही.

"मग इथे कशाला आलात हो?"

"सवयीने," तो म्हणाला. "नाही... खोटं. उद्यापासून इथे यायला मला काही कारण उरलं नाही, हे रस्त्यात लक्षात आलं. म्हणून आज आलो."

मी कागद परत त्याच्या मांडीवर ठेवला.

"पुन्हा करा. आधी वरचे अवयव पाडा. मी थांबते."

त्याने पहिली ओळ लिहिली. दुसरीवर पेन थांबलं आणि त्याचे खांदे हलू लागले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी काचेकडे पाठ केली, त्याचा पेनवाला हात दोन्ही हातांत धरला.

"उद्या या," मी म्हटलं. "माझ्यासाठी या."