पुसलेला थर

हे खरं घडलेलं आहे. मैत्रिणीच्या नणंदेच्या शेजारणीला नव्हे, मला. दामेलीला.

हसायचं तर खुशाल हसा. मीही हसायचे. पडद्यावर ज्याची रेघ उमटत नाही ते या जगात नाही, असं मी लोकांना तोंडावर सुनवायचे.

आता गप्प बसते.

ठिकाण ओस्केमेन शहर. इर्तिश नदीच्या काठावरची आमची प्रयोगशाळा. जानेवारी महिना होता आणि बुरान सुटलं होतं. बर्फाच्या त्या वादळात भर दुपारीसुद्धा समोरची इमारत दिसत नव्हती.

हो, भर दुपारी. हे सगळं दिवसाउजेडी घडलं, म्हणून तर त्याची जास्त भीती वाटते. रात्रीचं असतं तर झोपेवर ढकललं असतं.

आधी आमचं काम सांगते. वस्तूची कातडी तपासायची, बस. आतलं नाही, अगदी वरवरचं. आमच्याकडे टायटॅनियमची भुकटी यायची, एकेक कण इतका बारीक की केसाच्या जाडीत हजार मावतील. त्या कणांवर बाहेरून काय चढलंय ते शोधायचं. नमुना पोलादी टाकीत ठेवायचा, टाकीतली हवा पंपाने काढून घ्यायची आणि त्यावर क्ष-किरण सोडायचे. मग पडद्यावर रेघ उठते, डोंगरांच्या रांगेसारखी. प्रत्येक शिखर एकेका मूलद्रव्याचं.

त्यातलं एक शिखर कायम असतं. कार्बनचं.

सोनं ठेवा, काच ठेवा, काहीही ठेवा. हवा लागली की त्यावर तेलकट थर बसलाच म्हणून समजा. आपल्या श्वासाचा, अंगाचा, शेजारणीच्या तळणाचा. डोळ्यांना दिसत नाही, पण असतो. बाकीची शिखरं जागेवर आहेत का, हे आम्ही त्या कार्बनवरूनच ताडून बघतो.

हे सगळं मला सायलाऊ यांनी शिकवलं. आम्ही त्यांना आगाय म्हणायचो, मास्तर म्हणतात ना, तसं. म्हातारा महाखडूस. इमारतीत तळणाला सक्त बंदी. दारातच उभे राहायचे आणि आत येणाऱ्याचे हात धरून हुंगायचे.

“क्रीम लावलंस?”

“नाही, आगाय.”

“खोटं बोलतेस. गुलाबाचं आहे. जा, धुऊन ये.”

त्यांनी लग्न केलं नव्हतं. माझे वडील नव्हते, म्हणून माझ्या लग्नात तेच वडिलांच्या जागी उभे राहिले. मारातला, माझ्या नवऱ्याला म्हणाले, “पोरगी हुशार आहे आणि जीभ तिखट आहे. दोन्ही सांभाळ.”

पानगळीत ते गेले. मशीनसमोरच्या खुर्चीत बसल्या बसल्या. माझा दियार तेव्हा नुकता जन्मला होता. मी अंथरुणातूनच रडले.

त्यानंतर मशीन बंद होतं. जानेवारीत मी कामावर परतले आणि ते चालू केलं. घर पलीकडच्याच गल्लीत, म्हणून दुपारी जाऊन दियारला पाजून यायचे. मारात बांधकामावर आहे, हिवाळ्यात काम बंद, त्यामुळे बाळाला तोच सांभाळायचा.

पहिला नमुना लावला. टायटॅनियम दिसलं. ऑक्सिजन दिसला.

कार्बन...

नव्हता.

“मशीन बिघडलंय,” वादिम म्हणाला. वादिम आमचा पंपवाला, पन्नाशीचा, मयताला गेला तरी विनोद करेल असा. “झोपून होतं ना इतके दिवस. माझी बायकोही सुट्टीनंतर अशीच वागते.”

मी सोनं लावलं. कार्बन नाही. काच लावली. नाही. शेवटी वादिमने खिशातलं नाणं काढलं. अख्ख्या ओस्केमेनच्या हातांचा मळ त्यावर बसलेला. ते लावलं.

तांबं होतं, जस्त होतं, निकेल होतं. कार्बनच्या जागी रेघ सपाट.

“कुणी चाटलं का काय रे?” मी म्हणाले.

वादिम हसला नाही. तो हसला असता तर बरं झालं असतं.

त्याच दुपारी मी एक खुळेपणा केला. टाकीला बघायची छोटी गोल काच असते. तिच्यावर बाहेरून मी अंगठा दाबला. चांगला तेलकट ठसा उमटला. मग हाताची घडी घालून बघत बसले.

बाहेर वारा घोंगावत होता. आत पंपांची घरघर.

आणि मग... तो ठसा कमी व्हायला लागला.

खालून वर. एकेक रेघ. सावकाश. काचेवर जीभ फिरावी तसा.

शेवटची रेघ गेली, आणि माझ्या मानेमागे कुणीतरी श्वास ओढला. छोटा. पुन्हा छोटा.

हुंगल्यासारखा.

मी वळले. खोलीत कुणी नव्हतं. वादिम खाली पंपघरात होता, त्याचं खोकणं जिन्यातून ऐकू येत होतं. कोट बगलेत मारला आणि तशीच घरी पळाले.

घरी दियार रडत होता.

“पाजून गेलीस तेव्हापासून हेच चाललंय,” मारात म्हणाला. “भूक भागतच नाही त्याची.”

मी छातीशी घेतलं. तो ओढत राहिला, ओढत राहिला, मग तोंड सोडून टाहो फोडला. मी थोडं दूध हातावर पिळून बघितलं.

पाणी होतं. नुसतं निळसर पाणी.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “दगदग होतेय तुम्हाला. डब्याचं दूध द्या.” डब्याचं तो तोंडात धरेना. चमचा लावला की ओकायचा. रोज सकाळी तराजूवर ठेवायचो आणि रोज काटा आदल्या दिवसापेक्षा खाली. गाल बसले. मांडीवरच्या वळ्या गेल्या, कातडी सैल लोंबायला लागली. आधी किती गुटगुटीत होता माझा दियार. डॉक्टरीणबाईंनी शेवटी सांगितलं, सोमवारपर्यंत वजन वाढलं नाही तर नळी घालून ठेवावं लागेल.

माझ्या मनात जे येत होतं ते मी मनातही उच्चारत नव्हते.

गुरुवारी मी एका छोट्या बाटलीत दूध घेऊन कामावर गेले.

“हे काय?” वादिमने विचारलं.

“दूध आहे. माझं.”

त्याच्या ओठांवर आलेला विनोद त्याने गिळला. मी सिलिकॉनच्या स्वच्छ चकतीवर एक थेंब टाकला, कडकडीत वाळवला. पांढुरका डाग राहायला हवा होता. काहीच राहिलं नाही. चकती टाकीत सरकवली. वादिम माझ्या खुर्चीमागे उभा राहिला.

दुधात दुसरं असतं काय हो? स्निग्धांश, साखर, प्रथिनं. सगळा कार्बनच. आईच्या दुधाचा थेंब ठेवल्यावर ते शिखर छताला भिडायला पाहिजे.

रेघ सरकत आली. ऑक्सिजन गेला. कार्बनची जागा आली.

सपाट.

“दामेली,” वादिम हळूच म्हणाला, “तू थेंब टाकलास ना?”

“तुझ्यासमोर टाकला.”

आणि मग आम्हा दोघांनाही ऐकू आलं... माझ्या आणि त्याच्या मधोमध.

छोटा श्वास. पुन्हा छोटा.

वादिमने छातीवर क्रूस केला. त्याला तसं करताना मी पहिल्यांदा बघितलं. पांढराफटक पडला होता. म्हणाला, “असं तर फक्त म्हातारा हुंगायचा.”

मी जिन्यात जाऊन राबिगा आपांना फोन लावला. आपा म्हणजे आगायांची थोरली बहीण, दूर खेड्यात एकटीच राहते. मी रडत रडत सगळं सांगितलं. वाटलं, म्हातारी वेड्यात काढेल. पण तिने काढलं नाही.

“त्याच्या चाळिसाव्या दिवशी शेलपेक कुणी तळले?” तिने विचारलं. शेलपेक म्हणजे मेलेल्याच्या नावाने तळतात त्या पोळ्या.

“तुम्हीच ना, आपा.”

“मी कशी तळू? त्याने जीव तुमच्या तिथे सोडला. जिथे जीव गेला तिथे वास सुटायला हवा. तुमच्या त्या वादिमला मी तेव्हाच सांगितलं, तुम्ही तिथे करा म्हणून.”

वादिम माझ्या मागोमाग जिन्यात आला होता, आपांचं बोलणं त्यालाही ऐकू गेलं होतं. मी फोन तसाच धरून त्याच्याकडे बघितलं.

“केलं की,” तो म्हणाला. “सगळ्यांनी मिळून केलं. टेबल मांडलं, मुल्लांना बोलावलं. सात शेलपेक आणले मी बाजारातून, चांगले पाकीटबंद.”

“तळले नाहीत?”

“या इमारतीत? त्यांच्या स्वतःच्या खोलीत? अगं, तळणाला बंदी कुणी घातली होती? त्यांचा मान ठेवायला नको का?”

फोनमधून आपांचा आवाज आला. चिडलेला नव्हता, थकलेला होता. “अगं बाई, मेलेल्याला घास लागत नाही. त्याला वास लागतो. गरम तेलाचा वास. पाकिटातलं गार पीठ हुंगून त्याचं पोट भरेल का? इतके महिने उपाशी ठेवलंत माझ्या भावाला.”

“पण आपा, माझं बाळ...”

“भुकेला माणूस आपल्याच माणसाच्या दारात जातो. परक्याकडे कशाला जाईल?”

आपांकडून कृती विचारून घेतली आणि मगच फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, आमच्यात शेलपेक तळायचा वार. मी पहाटेच पीठ मळलं. विजेची शेगडी, कढई आणि मेंढीची चरबी पिशवीत घातली. मारात दारात आडवा आला. “पोर इथे मरणाला टेकलंय आणि तू तळायला चाललीस?”

“म्हणूनच चाललेय,” मी म्हणाले. त्याला बाजूला केलं, तेव्हा तोही रडत होता.

वादिमने टाकीच्या सगळ्या झडपा बंद केल्या. “हे कळलं तर दोघांचीही नोकरी जाईल,” तो म्हणाला आणि शेगडीची वायर स्वतःच जोडली.

आगायांची खुर्ची मी सरळ करून ठेवली. समोर शेगडी. चरबी तापली, धूर दिसला. पहिला शेलपेक सोडला. पुरीसारखा लाटलेला, पण मोठा. चर्र झालं. बुडबुडे उठले, फुगला, तांबूस झाला.

पण वास...

वास आलाच नाही.

मी कढईवर वाकले. वाफ तोंडावर येत होती, डोळे चुरचुरत होते. नाकाला काही नाही. वादिमला खूण केली. त्यानेही वाकून बघितलं आणि मान हलवली. मेंढीच्या चरबीचा वास तुम्हाला माहीत नसेल, तीन मजले सोडून येतो. इथे नाकाखाली कढई उकळत होती आणि खोली बर्फासारखी कोरी होती.

फक्त तो आवाज. खुर्चीच्या बाजूने. आता छोटा नव्हता. लांब, अधाशी, ओढत जाणारा.

दुसरा सोडला. तिसरा सोडला. वास नाही. तेल उडून माझं मनगट भाजलं. तरी मी थांबले नाही. तोंडाने बडबडत होते, “घ्या आगाय, पोटभर घ्या. पण माझ्या लेकराचं सोडा. हात जोडते, त्याचं सोडा.”

चौथा. पाचवा. सहावा. श्वास मंद होत गेला. जेवण होत आल्यावर माणूस मंदावतो, तसा.

सातवा कढईत सोडला...

आणि भसकन वास आला. तळलेल्या पिठाचा, चरबीचा, धुराचा. खोली भरली, जिना भरला. खालच्या मजल्यावर कुणीतरी ओरडलं, कोण तळतंय म्हणून. वादिम जमिनीवर बसून हमसून हमसून रडायला लागला.

मला येत होती तेवढी प्रार्थना मी म्हटली, तोंडावरून हात फिरवले. “त्यांना पोचू दे,” म्हटलं.

खुर्चीकडून कसलाही आवाज आला नाही.

मग आम्ही दूध टाकलेली तीच चकती पुन्हा बघितली. ती टाकीत बंद होती, तिला कुणाचा हात लागला नव्हता. तरीही पडद्यावर कार्बन आला होता. उंच, धडधडीत. मी फार वेळ बघत बसले नाही. घरी धावले. वाटेतच माझा कुडता दुधाने ओला झाला. दियारने तोंड लावलं आणि त्याच्या गळ्यातून घटघट आवाज यायला लागला. मारात भिंतीला टेकून बघत होता. त्या दिवशी दियार पोट भरून झोपला, आणि त्याच्याशेजारी मीही पडले.

सोमवारी काटा वर सरकला होता.

इथे गोष्ट संपायला हवी होती. मीही तसंच समजत होते.

दियार आता साडेतीन वर्षांचा आहे. आगायांसाठी मी दर शुक्रवारी घरी तळते, एकही चुकवलेला नाही. वास येतो, नेहमीसारखा येतो. म्हणून मी निश्चिंत होते.

गेल्या शुक्रवारी पहिला शेलपेक दियारच्या हातात दिला. त्याने तुकडे केले, दोन्ही हात तेलाने चमकायला लागले. एक तुकडा त्याने शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे धरला. धरून राहिला. मला वाटलं, खेळतोय.

मग हात मागे घेतला. तुकडा तसाच होता, घास घेतलेला नव्हता.

मी त्याची बोटं धरून बघितली.

कोरडी होती. तेलाचा डागसुद्धा नव्हता, टाकीच्या काचेवरचा ठसा गेला होता तसा. त्याने पुसली नव्हती, मी बघत होते.

“अजून तळ ना, आई,” दियार म्हणाला.

कोणासाठी, ते मी विचारलं नाही. कढई पुन्हा चढवली. सगळं पीठ संपेपर्यंत तळत राहिले.

तेव्हापासून रोज सकाळी मी त्याला तराजूवर उभा करते. काल काटा थोडासा खाली होता. मारात म्हणतो, पोरं वाढत्या वयात असतात, होतं असं. आजचा काटा बघितला नाही अजून. दियार उठायचा आहे.