तिसरं गाणं जरा लांबलंय

शुक्रवारी सकाळी, पत्रकारांसाठी ठेवलेल्या सिनेमाच्या खेळाला, शेजारचा माणूस खुर्चीच्या हातावर सारखी बोटं वाजवत होता. तासभर सोसलं. मग मी वाकून म्हणाले, "बोटांना जरा गप्प बसायला सांगाल?"

"सांगून पाहिलं... ऐकत नाहीत."

मध्यंतरात कळलं, स्वारी एका रॉक बँडमध्ये ड्रमर, मित्राच्या पासवर घुसलेली. पुढच्या शुक्रवारी त्यांचा पहिला अल्बम यायचा होता. आमच्या पेपरातलं नव्या सिनेमांचं आणि गाण्यांचं सदर मी लिहिते, हे ऐकून त्याने हातातली कॉफी बाजूला ठेवली.

"तुम्ही चांगलं लिहिलंत तर लगेच त्या रविवारी कार्यक्रमासाठी आम्हाला हॉल मिळेल. मालक म्हणतो, आधी पेपरात नाव दाखवा. आणि रॉकवर दुसरं कोण लिहितंय इथे?"

"पण ओळखीच्यांवर लिहायचं नाही, असा आमच्या संपादकांचा नियम आहे."

"मग शुक्रवारपर्यंत... आपली ओळख नाही."

झालं. हा ओळख नसलेला माणूस सोमवारी ऑफिसखालच्या कॅफेत हजर. "ही साखर तुमची का? ओळख नाही, म्हणून विचारतो." मंगळवारी भर पावसात सरळ माझ्या छत्रीत.

"ओळख नसताना?" मी.

"अनोळखी माणूस भिजला तर तुमच्याच जिवाला लागेल."

बुधवारी तो आला नाही, तर माझा जीव थाऱ्यावर नाही. चहाचा घोट घेऊन ताईने कप खाली ठेवला. "मीठ घातलंस यात. कोण आहे तो?"

"ओळख नाही गं," मी म्हणाले.

गुरुवारी अल्बम हातात आला. दुपारभर हेडफोन लावून पाच वेळा ऐकला, आणि उठून संपादकांसमोर उभी राहिले. "मला यावर लिहिता येणार नाही. ओळख आहे."

"किती?"

"नको तेवढी."

त्यांनी अल्बम पेपरातलं शब्दकोडं करणाऱ्या काकांकडे दिला. काकांनी लिहिलं, 'आवाज फार.' दोन तारे. हॉल गेला.

शुक्रवारी सकाळी खेळाला मी आधीच जाऊन बसले होते. तो आला, पेपरची सुरळी करून शेजारी बसला. बोटं पेपरवर धावत होती.

"पाच जणांची वर्षभराची मेहनत होती," तो म्हणाला. "तुम्ही का नाही लिहिलंत? आवडला नाही?"

"आवडला. तिसरं गाणं तेवढं लांबलंय."

"ते मीही सांगत होतो त्यांना..."

"पाचव्यांदा ऐकलं तेव्हा ते संपूच नये असं वाटलं. गाणं तेच होतं, वाजवत तू होतास म्हणून." आता थांबणं शक्य नव्हतं. "मला तू आवडतोस. मग माझ्या ताऱ्यांना काय अर्थ? आणि तुला खोटे तारे द्यायचे नव्हते मला."

बोटं थांबली. आठवड्यात पहिल्यांदाच.

"हॉल गेला पण," तो हळूच म्हणाला.

"गेला. माझ्यामुळे."

"म्हणजे रविवारी मला काहीच काम नाही." तो जरा घुटमळला. "तू... मोकळी आहेस?"

मी हो म्हणाले आणि थिएटरातले दिवे मालवले. त्या सिनेमात काय झालं, देवाशपथ ठाऊक नाही. त्याचं परीक्षणही शेवटी काकांनीच लिहिलं.