गोव्याच्या पानावर मालवणची मी

“हे मासे जरा बाजूला घेता का?”

माझ्याशी बोललेलं त्याचं हे पहिलं वाक्य. दोन हजार चार सालचा फेब्रुवारी, मालवणचा दांडी किनारा. मी आईने सुकत घातलेले बांगडे कावळ्यांपासून राखत बसले होते, आणि हा गळ्यात कॅमेरा अडकवून, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून समोर उभा. शहाणाच होता मेला.

“कित्याक?” मी विचारलं.

“फोटोत किनारा मोकळा दिसायला हवा. परदेशी पाहुण्यांसाठी पुस्तिका निघतेय... सगळ्या देशाची.”

“किनारो आमचो, बांगडे आमचे. तुमका मोकळो व्हयो तर दुसरो बघा.”

तो हसला. “बरं. मग तुम्हीही राहा फोटोत.”

मी काही बोलायच्या आत खटकन आवाज झाला. केस तोंडावर, हातात काठी... कसला अवतार होता माझा! पण कॅमेऱ्यामागून डोळा काढून त्याने जे पाहिलं ना — अजून आठवलं की कानशिलं गरम होतात.

नाव सर्वेश. मूळचा खारेपाटणचा, नोकरी दिल्लीत एका जाहिरात कंपनीत. दोन दिवसांसाठी आलेला माणूस आठवडाभर रेंगाळला. रोज नवं निमित्त, रोज माझ्याच वाटेवर. त्या पुस्तिकेत राजस्थान, केरळ, गोवा यांना पानंच्या पानं होती, आमच्या किनाऱ्याला एकही नाही. “एक पान मिळवणारच,” म्हणायचा. मला ते खरं वाटायचं. पुस्तिका लंडनच्या पर्यटन प्रदर्शनात वाटली जाणार होती; तिथे कुणीतरी मालवण हे नाव वाचेल, आणि हा ते पान घेऊन परत येईल... दोहोंतली कुठली ओढ जास्त होती, ते मी आईला कधी सांगितलं नाही.

आला तो ऑक्टोबरात. चेहरा उतरलेला.

“पुस्तिकेचा नमुना आला, उर्वशी. अख्ख्या पानावर तू होतीस. आणि खाली नाव... गोवा.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “बांगडे आमचे, वाळू आमची, आणि नाव गोव्याचा?”

“साहेब म्हणाले, परदेशी माणसाला गोवा ठाऊक. मालवण कुणाला ठाऊक आहे?”

“ठाऊक नाय म्हणान तर छापूचा ना.”

“तेच म्हटलं मी. खरं नाव लावा, नाहीतर फोटो काढून टाका. त्यांनी फोटो काढून टाकला...” तो वाळूत पायाने रेघ ओढत राहिला. “आणि मलाही.”

पान गेलं होतं. रडू यायला हवं होतं ते त्यासाठी. आलं मात्र त्या रेघ ओढणाऱ्या पायाकडे बघून. माझ्या गावासाठी इतकं कुणी भांडलं नव्हतं.

तेवढ्यात बाबांनी हाक मारली. रापण ओढायची वेळ झाली होती. लांबच लांब जाळं ते, किनाऱ्यावरून ओढायला माणसं कमीच पडतात.

“ओ पावण्यानू, बघत काय रवलास? हात लावा दोरीक.”

सर्वेशने कॅमेरा माझ्याकडे दिला आणि दोरी धरली. दोनदा आपटला, तळवे लाल झाले, पण सोडली नाही. जाळं वर आलं आणि वाटे पडले. आमच्याकडे दोरीला हात लावणाऱ्याला वाटा मिळतोच, तो कोण, कुठला, कुणी विचारत नाही. बाबांनी त्याच्यापुढेही तारली माशांचा ढीग ठेवला.

“अहो काका, मी लॉजवर राहतो. हे नेऊ कुठे?”

“वाटो परत करूचो नसता. खंय शिजवतलास ता तुमी बघा,” म्हणत बाबा निघूनही गेले.

मी मुद्दामच विचारलं, “दिल्लीक कधी जातास?”

त्याने तळवे पॅन्टला पुसले. मग त्याच्या आईच्या बोलीत, अडखळत — “जावचा नाय. माका हय रवाचा आसा. तुझ्यावांगडा... तू हो म्हटलंस तर.”

मला ऐकू आलं होतं, तरी वाटलं, पुन्हा म्हणावं त्याने. पण धीर कुणाला होता? मी त्याचे तारले टोपलीत भरले आणि घराच्या वाटेला लागले. थोडं पुढे जाऊन वळले, तर तो अजून तिथेच.

“चल रे,” मी म्हटलं. “आईक सांगाक व्हया. पान गेला, पण माणूस गावलो.”