कानाडोळा

मुलांच्या हट्टावर आणि झोपेवर इलाज सांगणारी ती सल्लागार बाई बोलायची लोण्यासारखं मऊ, पण तिचा सल्ला मात्र पोलादी असे. मूल लोळण घेतंय, चावतंय, रात्र रात्र जागवतंय? कानाडोळा करा. त्याच्याकडे बघायचं नाही, उत्तर द्यायचं नाही, भुवईसुद्धा हलवायची नाही. शांत झालं की मात्र लगेच वळायचं आणि शाबासकी द्यायची. आरडाओरड्याला गिऱ्हाईक मिळालं नाही की दुकान आपोआप बंद होतं, हे तिचं लाडकं वाक्य. बहुतेक घरांत ते खरंच बंद व्हायचं, त्यामुळे आपलंही कधी चुकेल ही शंका तिच्या मनाला शिवतच नसे.

अशाच एका वरच्या मजल्यावरच्या घरात आईबाप पार मेटाकुटीला आले होते. बाप बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळीला जाई आणि दिवसा झोपे. आई घरीच दातांच्या कवळ्या बनवायची. खिडकीपाशी तिचं टेबल, त्यावर गुलाबी मेणाच्या पट्ट्या आणि साच्यांची रांग. त्यांचा चार वर्षांचा मुलगा एका जागी ठरत नसे, म्हणून त्याला भिंगरी म्हणायचे. भिंगरीचा ना रात्री डोळ्याला डोळा लागे, ना दुपारी. झोपवायला नेलं की चावे, साचे फेकी, दारावर डोकं आपटी. शेजारी येऊन भांडून गेले होते. बाप कामावर पेंगताना सापडला आणि त्याला शेवटची ताकीद मिळाली.

"किती दिवस करायचं हे?" आईने पहिल्या भेटीत विचारलं होतं.

"तो सुधारेपर्यंत. आणि दोघांनीही. एकाने जरी वळून बघितलं तरी सगळं मुसळ केरात."

आईने मान डोलावली. केसाएवढीही चूक झाली तर कवळी टोचते, हे जिच्या हातात मुरलंय अशी बाई ती. सांगितलेलं तंतोतंत करणारी.

काही आठवड्यांनी सल्लागार बाई पुन्हा गेली ती भर दुपारी. जिन्यातच तिला ओरडणं ऐकू आलं. आवाज बसलेला होता, फाटलेला होता. दार उघडणाऱ्या आईचा चेहरा मात्र टवटवीत.

"या मॅडम. हळू बोला हं, आत्ताच झोपलाय."

तिच्या मागे, टेबलाखाली बसून, भिंगरी ओरडत होता. शर्ट मळलेला, गालांवर ओघळ वाळलेले. काय पक्की आहे ही, असं सल्लागार बाईला वाटलं आणि तिचं कौतुकही वाटलं. नियम तो नियम, म्हणून तिनेही मुलाकडे पाहिलं नाही.

बापही बसला होता, पोटभर झोप झालेल्या माणसासारखा. चहा आला. दोघं सांगत राहिले: आता वेळेवर जेवतो, एका शब्दात खेळणी आवरतो, दुपारी गाढ झोपतो. भिंगरी येऊन आईच्या गुडघ्याला बिलगला. तिचा पाय हलला नाही. तो तिच्या पोटरीला कडकडून चावला. कातडीवर दातांचे ठसे उमटले, आणि ती विचारत होती, साखर पुरेशी आहे ना.

"आता पुरे," सल्लागार बाई म्हणाली. "जवळ घ्या त्याला."

"झोपलेल्या मुलाला कशाला उठवायचं?"

आईने आतल्या खोलीचं दार हळूच ढकललं. छोट्या पलंगावरचं पांघरूण वर येत होतं, खाली जात होतं, सावकाश. उशीला खळगा पडला होता. खळग्यात डोकं नव्हतं.

"शहाणं गं माझं बाळ," आई म्हणाली. तिचा हात उशीच्या वीतभर वर, हवेतच, गोल गोल फिरत होता.

मागून भिंगरी आला. "आई, मी आता ओरडत नाहीये," तो अगदी हळू म्हणाला. "बघ ना. मी शांत झालोय."

आईने पांघरूण सारखं केलं.

सल्लागार बाई पुढे झाली. तिने मुलाचा हात धरला, त्याला ओढत बापासमोर आणून उभं केलं. "हा तुमचा मुलगा. बघा याच्याकडे. माझं चुकलं असेल, पण आत्ता बघा."

बापाने तिच्या मुठीकडे पाहिलं. मग बायकोकडे. "यांना बरं वाटत नाहीये का?"

"डोळे फुटलेत का तुमचे?" असे शब्द सल्लागार बाईच्या तोंडून आजवर कुठल्याच घरात निघाले नव्हते. तिने टेबलावर हात आपटला. एक साचा पडून फुटला.

आईने तुकड्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्या नजरेत निव्वळ तिटकारा होता. "आवाज खाली, मॅडम. तुमचंच ते दुकानाचं वाक्य तुम्हाला शिकवायचं का?" ती नवऱ्याला म्हणाली, "थांबू या. होतील शांत."

दोघांनी नजर काढून घेतली.

सल्लागार बाई बोलली. ओरडली. बापाचा खांदा गदागदा हलवला. त्याने खांदा खाजवला.

मुलाला घेऊन तिने दार उघडलं. शेजारीण पिशवी घेऊन वर येत होती. "अहो, इकडे बघा," सल्लागार बाई किंचाळली. शेजारणीने तिच्यावरून आत डोकावलं.

"सुटलो बाई," ती आईला म्हणाली. "किती शांत झालंय हो तुमचं घर."

सल्लागार बाई ओरडायची थांबली आणि मुलाचा हात धरून उंबऱ्यातून मागे फिरली.

आत आई वळली. सल्लागार बाईच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून प्रसन्न हसली. "हं, आता कसं. बोला की अशाच, शांतपणे. चहा घेणार आणखी?"

जरा वेळ आई ऐकत राहिली, खुर्चीतून कुणी बोलत असल्यासारखी. मग बाप खुर्चीकडे बघून खदखदून हसला.

"ती खुर्चीतली बाई तुमच्यापेक्षा चांगली वागते," भिंगरी सल्लागार बाईला म्हणाला.

त्याने तिचा हात सोडला, टेबलाखाली गेला, साच्याचे तुकडे बाजूला सारले आणि तिच्यासाठी जागा केली.