मुक्या गौरीची वाट

भाद्रपदातली पहाट सोनवेल गडावर यायची ती धुक्याचं बोट धरून. खालच्या खोऱ्यातून धुकं हलक्या पावलांनी वर चढायचं, माचीवरच्या तेरड्याच्या गुलाबी रानात घडीभर टेकायचं, मग तटाच्या चऱ्यांमधून आत शिरून सदरेपुढच्या अंगणात, शिबंदीच्या खोपटांच्या दारात सडा घातल्यासारखा ओलावा ठेवायचं, आणि उन्हाची चाहूल लागताच सासरी परतणाऱ्या लेकीसारखं मागच्या मागं निघून जायचं. त्या साली मात्र धुकं सरूच नये असं गडावरच्या माणसांना वाटे. कारण पायथ्याला, गौरओहोळाच्या पलीकडल्या टेकाडावर, निंबाजी पांढऱ्यांच्या राहुट्या आणि त्यांच्यापुढं रचलेला बंदुकांचा मोर्चा लख्ख दिसू लागे.

वेढ्याला तिसरा महिना लागला होता. भांडण दोन थोर सरदारांचं, सरहद्दीवरून पेटलेलं. ते दोघं आपापल्या वाड्यांत खलिते लिहवीत होते, आणि मरत होती ती दोन्हीकडची एकाच बोलीची, एकाच कुलदैवताची माणसं. गडाचे किल्लेदार दारकोजी धुमाळ हटाचे पुरुष; दोनदा शरणागतीचा सांगावा आला, दोनदा त्यांनी तो हसून परत लावला. पण कोठीत आता आठवड्यापुरती नाचणी उरली होती, आणि हसण्यानं पोट भरत नाही.

त्या पहाटे किल्लेदारांची बायको चिमाबाई तटाशी उभी राहून खाली ओहोळाकडं पाहत होती. शेजारी भागू कोळीण तेरड्याची जुडी निवडत बसली होती. गडावर गौरीची गाणी सांगायची ती भागूनंच.

"बाईसाहेब, गौर उद्या यायची," भागू म्हणाली, "आन् ओहोळ पडला त्या पांढऱ्याच्या बंदुकीखाली. औंदा टाक्यातलंच पाणी घ्या, झालं."

"टाक्यातली गौर म्हणजे कोंडलेली लेक, भागू. माहेरी आली असं कसं म्हणावं तिला?"

सोनवेलची रीत मोठी नाजूक होती. मानाच्या बाईनं ओहोळातले पाच खडे वेचावेत, तेरड्याच्या जुडीसह कळशीत ठेवावेत, ओहोळाचं पाणी तोंडात धरावं आणि गड चढावा; देव्हाऱ्यापाशी पोचेतो बोलू नये, मागं वळून पाहू नये. बोललं तर गौर रुसते, वळलं तर परत फिरते, असं सासवा सुनांना सांगत आल्या होत्या. तिसऱ्या दिवशी गौर ओहोळात बोळवायची, आणि ओटीत मूठभर वाळू घेऊन, तशीच मुक्यानं, माघारी यायचं. ती वाळू दारात, कोठीत, पाळण्याखाली पखरली की सण फिटला.

चिमाबाईनं नवऱ्याला गळ घातली. दारकोजींनी निशाणाचा माणूस खाली धाडला, आणि दुपारच्या आत उत्तर आलं, सोबत बेल आणि भंडारा. निंबाजींनी लिहवलं होतं: 'गौर पाण्यातून निघून पाण्यात परत जाई तोवर आमच्या मोर्च्यातून बंदूक उडणार नाही. माहेरवाशिणीची वाट आम्ही अडवीत नसतो. आपणही बेलभंडार उचलावा.' दारकोजींनी सदरेवर, साऱ्या गडकऱ्यांदेखत, बेलभंडार उचलला.

दुसऱ्या दिवशी बायका गाणी म्हणत उतरल्या. भागूचा खडा आवाज दरीत घुमला:

*तेरड्याच्या बनामधी वाट चुकली माउली,*
*भाऊ उभा काठावरी, त्याची डोईवर साउली.*

आणि खरोखरच काठावर एक माणूस उभा होता. कमरेला तलवार नाही, पायात जोडा नाही; पन्नाशी उलटलेला, पुढचे दोन दात पडलेला, मिशीआड ओशाळं हसू. हेच निंबाजी पांढरे. त्यांच्यामागं सातआठ माणसं, तीही रित्या हातांची.

"रामराम, बाईसाहेब," ते म्हणाले. "भिऊ नका. माझी बहीण ह्याच सणाला यायची. गेली सासरीच, पटकीच्या साथीत. तेव्हापासून गौर दिसली नाही घरात. म्हटलं, लांबून पाहावी."

"लांबून कशाला?" भागू फटकन बोलली. "तीन महिने जवळूनच बघताय की आमाला!"

निंबाजींची माणसं हसली, बायकाही तोंडाला पदर लावून हसल्या. आणि ज्या ओहोळात श्रावणभर रक्त धुतलं गेलं होतं तिथं घडीभर जत्रेतल्यासारखं वाटलं.

चिमाबाईनं खडे वेचले, ओंजळीनं पाणी तोंडात घेतलं. तेवढ्यात निंबाजींनी विचारलं, "गडावर पुरणाला डाळ-गूळ आहे का हो?"

ती नुसती बघत राहिली. गाल फुगलेले, डोळे भरलेले.

"अरे हो, मुकी गौर!" ते स्वतःच्या कपाळावर हात मारून हसले. "बोलू नका, बोलू नका. समजलं मला."

तिसऱ्या प्रहरी गडाच्या दरवाज्याशी दोन गोणी आल्या. एकीत हरभऱ्याची डाळ, दुसरीत गूळ आणि गहू. निरोप एवढाच: 'माहेरवाशीण उपाशी जाऊ नये.' त्या संध्याकाळी गडावरच्या पोरांनी महिन्यानंतर गोडाचा घास खाल्ला. चिमाबाईनं शेपूची भाजी आणि भाकरी केळीच्या पानात बांधून खाली धाडली. गौरीच्या पहिल्या दिवसाचा तो नैवेद्य.

पूजेच्या दिवशी भर दुपारी दारकोजी देवघरात आले. पाटावरच्या गौरीला त्यांनी हात जोडले, पण बसले नाहीत.

"उद्या बोळवण झाली," ते हलक्या आवाजात म्हणाले, "की बायका चढणीला लागतील. आमची साठ माणसं पहाटेच चोरदिंडीनं उतरून वाटेकडेच्या कारवीत दबा धरून असतील. निंबाजी कालच्यासारखा निःशस्त्र येईल. त्याला तिथंच कापला की मोर्चा आपला."

चिमाबाईच्या हातातली फुलवात खाली पडली. "आपण बेलभंडार उचललात."

"गौर पाण्यात परत जाईतो. उद्या ती पाण्यात गेली की शपथ सुटली. शब्द पाळूनच करतो आहोत."

"आणि ओटीतली वाळू? ती उंबऱ्याच्या आत येईतो सण असतो, हे पोरीसोरींनाही ठाऊक आहे."

दारकोजींनी कोठीकडं बोट केलं. मग म्हणाले, "कोठीत जाऊन बघा. त्याच्या दोन गोणी सरल्या की पुढं काय? पाळण्याखाली नुसती वाळू पखरून पोरं जगत नाहीत. तीनशे माणसं आहेत गडावर, आणि मी त्यांचा किल्लेदार आहे. तुम्हांला दुसरी वाट दिसत असेल तर सांगा. आत्ता, आल्या पावली मागं फिरतो."

तिला दुसरी वाट दिसली नाही. शिबंदीच्या खोपटात कुणाचं तरी लेकरू किरकिरत होतं. ती गौरीच्या खड्यांकडं बघत राहिली. दारकोजी उत्तराची वाट पाहून निघून गेले.

बोळवणीच्या दिवशी धुकं लवकर सरलं. बायका उतरल्या, पण चिमाबाईचं पाऊल जड पडत होतं. कारवीच्या रानाशी आल्यावर तिनं तिकडं नजर टाकली नाही, आणि पान न हलणं एवढं भयाण असतं हे तिला त्या दिवशी कळलं. इतर बायकांना काही ठाऊक नव्हतं.

निंबाजी काठावर होतेच. आज त्यांच्या हातात एक हिरवं लुगडं होतं, घडी मोडू नये म्हणून दोन्ही तळव्यांवर धरलेलं.

"बहिणीसाठी घेऊन ठेवलं होतं," ते म्हणाले. "पेटीत पडून होतं. लढाई लढाईच्या जागी, बाईसाहेब. उद्यापासून आहेच ती. पण मोकळ्या ओटीनं गौर बोळवू नये म्हणतात."

त्यांनी ते तिच्या ओटीत घातलं. तिनं वाकून नमस्कार केला. गौर ओहोळात सोडली. तेरड्याची जुडी दोन गिरक्या घेऊन खडकाआड गेली. शपथ, दारकोजींच्या हिशेबानं, त्या गिरकीसरशी सुटली. चिमाबाईनं मूठभर वाळू लुगड्याच्या घडीत घेतली, ओंजळीनं पाणी तोंडात भरलं. सवयीनं भरलं की मुद्दाम, हे पुढं जन्मभर तिनं स्वतःला विचारलं.

"हे काय?" निंबाजी एकदम हळुवार झाले. "डोळ्यांत पाणी? माझ्याकडून काही चुकलं का, ताई?"

ताई म्हणाले. तोवर बाईसाहेब म्हणत होते.

घोटभर पाणी. थुंकून टाकलं असतं तर दोन शब्दांचं काम होतं: दादा, पळा. त्या दोन शब्दांपलीकडं साठ माणसं होती, किरकिरणारं लेकरू होतं, नवरा होता. अलीकडं दात पडलेला एक माणूस उत्तराची वाट पाहत उभा होता. रीत सांगत होती, बोलू नको. भीतीही तेच सांगत होती. त्या घटकेला चिमाबाई भित्री झाली आणि रीतीच्या पदराआड लपली. तिनं मान खाली घातली आणि ती वळली.

"बोलू नका, समजलं मला," मागून आवाज आला. "सावकाश जा. शेवाळ आहे."

बायका चढणीला लागल्या. वीस पावलं, तीस पावलं. कारवी फुटली. 'हर हर महादेव'च्या गर्जनेत माणसं त्यांच्या अंगावरून, त्यांच्यामधून, धक्के देत खाली धावली. बायका किंचाळत वाटेवरच बसल्या. टेकाडावर मोर्च्यातल्या बंदुका भराभर उचलल्या गेल्या. चढणीवर दबा फोडून निघालेली साठ माणसं नेमकी त्या बंदुकांच्या तोंडी होती, आणि त्यांच्यामध्ये, रंगीत लुगड्यांची, गडावरच्या साऱ्या लेकीसुना.

तेव्हा चिमाबाईनं मागून तो आवाज ऐकला. एवढ्या वयाच्या माणसाच्या छातीतून निघेल असं वाटणार नाही असा.

"बंदुका खाली! बाया मधी आहेत! एकानंही चाप ओढला तर माझ्या रक्ताची आण! बंदुका खाली!"

एकही बंदूक उडाली नाही. आवाज पुन्हा एकदा आला, मग अर्ध्यात तुटला. चिमाबाईनं वळून पाहिलं नाही. तोंडातला घोट तिनं गिळला, आणि चढत राहिली.

सूर्य माथ्यावर यायच्या आत वेढा मोडला. पुढारी पडल्यावर पांढऱ्यांची फौज उधळली, धान्याच्या राशी गडावर आल्या, घरोघर चुली पेटल्या. खोपटातलं लेकरू पोट भरून झोपलं. त्या झोपेकडं पाहून चिमाबाईला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीच लाज वाटली. ती वाळू तिनं कोठीत पखरली नाही. हिरवं लुगडं घेऊन ती एकटी पुन्हा ओहोळावर गेली. तिथं पहाऱ्याला असलेल्या धारकऱ्यांनी मुजरा केला; त्यांच्यातला एक म्हातारा मान वर न करता म्हणाला, "बाईसाहेब, त्यानं हात वर केले ते बचावाला न्हाईत. बंदुका थांबवायला केले. आमी बघितलं." तिनं घडी उलगडली आणि भावानं दिलेलं लुगडं भावावर पांघरलं.

महिन्याभरानं धन्यांकडून दारकोजींना मानाचा पोशाख आणि सोन्याचं कडं आलं. सदर भरली, शिंगं वाजली, भाटानं शौर्याचं कवन म्हटलं. दारकोजींनी कडं घेतलं, डोक्याला लावलं आणि मनगटात न घालता तबकात परत ठेवलं. त्या दुपारी ते देवघराच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. आत आले नाहीत.

"कारवीचीच जागा का निवडलीत?" चिमाबाईनं पाठमोरीच विचारलं. "ओहोळाच्या वरच्या अंगालाही आडोसा होता."

दारकोजींनी चौकटीला हात टेकला.

"तिथं बायका मधे येत नव्हत्या," ते म्हणाले. "मला ठाऊक होतं, तो बंदूक उडवू देणार नाही. त्याच्या चांगुलपणावर भरवसा ठेवला मी, चिमा. स्वतःच्या तलवारीवर नाही."

लग्नानंतर त्यांनी तिला नुसतं नावानं हाक मारली ती एवढी एकदाच. चिमाबाईच्या मनात आलं, आपणही तेच केलं. त्याला सगळं समजतं, असा भरवसा ठेवून गप्प राहिलो.

पुढल्या भाद्रपदात तेरडा नेहमीसारखाच फुलला. गौर आणायचा मान किल्लेदारीणबाईंचा, पण तिनं कळशी भागूच्या नातसुनेच्या, चौदा वर्षांच्या राहीच्या, हातात दिली आणि आपण मागून चालली. ओहोळावर जिथं ते लुगडं पांघरलं होतं तिथं तिनं शेपूची भाजी नि भाकरी ठेवली. भागूनं गाणं काढलं, पण 'भाऊ उभा काठावरी' ह्या चरणाशी तिचा खडा आवाज चिरकला आणि ती थांबली. तेव्हा, आयुष्यात कधी पुढं होऊन न गायलेल्या चिमाबाईनं, कापऱ्या सुरात ओवी जोडली:

*घोट एक गिळियेला, जन्मभर तो जिरेना,*
*पाठीमागं माझा भाऊ, मान माझी ग फिरेना.*

राहीनं खडे वेचले. ओंजळ तोंडाशी नेली, तसा चिमाबाईनं तिचा हात धरला.

"पोरी, पाणी धर, पण ऐकून ठेव. वाटेत कुणाचा जीव जात असला, कुणी काही विचारलं आणि तुला उत्तर ठाऊक असलं, तर थुंकून टाक हे पाणी. बोल. वळून बघ."

"आन् गौर रुसली म्हंजे?" राही घाबरून म्हणाली.

"नाही रुसत. थांबते ती."

गड पुढं ओसाड झाला, तटात पिंपळ उगवले. खालच्या वाडीतल्या बायका मात्र अजून त्या ओहोळावर जातात. भाकरीचं पान काठावर ठेवतात, ते कुणाचं हे बहुतेकींना सांगता येत नाही. आणि नवी सून तोंडात पाणी घ्यायच्या आधी जी म्हातारी जवळ असेल ती तिचा हात धरून, रीतच असल्यासारखं, तिच्या कानात सांगते: "गिळू नको, बाई. गौर थांबते."